कुबराची ड्रम टेस्ट

ओमानमधल्या निझव्यापासून चाळीस किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात एक दवाखाना होता, एक पेट्रोल पंप, एक बेकरी, सरकारी अरबी शाळा आणि शरीफचं किराणा दुकान. बाकी सगळ्या खजुराच्या बागा, लसूणघासाचे वाफे आणि त्यांच्यामधून वाहणारा पाण्याचा पाट. हर्णैची कुबरा शरीफशी लग्न होऊन इथे आली, त्याला सात वर्षं झाली होती. दुकानामागच्या दोन खोल्यांत तिचा संसार छान चालला होता. अडचण उभी राहिली ती जानेवारीत.

त्यांची मुलगी महेक निझव्याच्या इंडियन स्कूलमध्ये केजीत होती. तिला आणि आणखी तीन मुलांना ओवेस आपल्या व्हॅनमधून न्यायचा. ती तीन कुटुंबं एकेक करून शहरात राहायला गेली, आणि एका सकाळी ओवेसनेही सांगून टाकलं, "भाभी, मार्चपर्यंतच हं. मला मस्कतजवळ माबेलात काम मिळालंय."

त्या दिवशी जेवताना शरीफ म्हणाला, "तू आणि महेक हर्णैला जा. तिथे शाळा आहे, तुझी माणसं आहेत. मी वर्षातून एकदा येईन."

"तुम्ही सोडा ना तिला शाळेत."

"सकाळी सहाला शेतावरची माणसं ब्रेड-दूध न्यायला येतात. तेव्हाच दुकान बंद ठेवू?"

कुबराचा हात ताटातच राहिला. तिचे अब्बा कुवेतला होते. वर्षातून एकदा यायचे, आणि पोरांना त्यांची जरा सवय होतेय तोवर त्यांची बॅग भरलेली असायची.

"मी गाडी शिकते," ती म्हणाली.

शरीफला हसू आलं. मग ती हसत नाहीये हे पाहून त्याने ते आवरलं. "बघ," एवढंच म्हणाला.

गावातली झुवैना बायकांना गाडी शिकवायची. टीव्ही बघून बघून ती हिंदी बोलायला शिकली होती. "स्टेअरिंग को ऐसे मत पकडो, कुबरा," ती म्हणायची, "वो भागनेवाला नहीं है." सरळ रस्त्यावर कुबराला जमू लागलं. तिला छळलं ते ड्रम टेस्टने. पिंपांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत गाडी मागे घेऊन उभी करायची. पिंपाला धक्का लागला की खलास, पुन्हा पहिल्यापासून.

फेब्रुवारीत पहिल्या परीक्षेला तिने पिंप चक्क आडवं केलं. मार्चमध्ये नुसतं घासलं, पण घासलं तरी नापासच. परत येताना ती झुवैनाच्या गाडीत तोंड फिरवून रडली.

एप्रिलमध्ये शाळा सुरू झाली. महेक पहिलीत गेली. शरीफ तिला सोडून परत यायचा आणि साडेआठला शटर उघडायचा. तोवर माणसं ताटकळून निघून गेलेली असायची. दुकानाची जागा ज्याची, तो म्हातारा हमदही दोन दिवस रिकाम्या हाताने परतला. तिसऱ्या दिवशी त्याने शरीफला गाठलं.

"दुकान क्यूं बंद?"

शरीफने मान खाली घालून सगळं सांगितलं. परीक्षा, पिंपं, कुबराचं रडणं.

"पुढच्या महिन्यात तिकिटं काढतो दोघींची, अर्बाब," तो मालकाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हमदने आपल्या मजुरांना कांदा काढून झालेल्या शेतात बोलावलं, जमीन सपाट करून घेतली आणि पाण्याची निळी पिंपं परीक्षेतल्यासारखीच मांडायला लावली. मग झुवैनाकडून कुबराला बोलावून घेतलं.

"ड्रम मेरा है," तो म्हणाला. "जितना गिराना है, गिराओ."

पहिल्या दिवशी तिने सहा पाडली. हमदने बांधावर बसून प्रत्येक वेळी मजुरांना हाक मारली, "यल्ला, उठाओ!" दुसऱ्या आठवड्यात मजुरांना कामच उरलं नाही. शरीफ दुकान सोडून बघायला आला तेव्हा कुबराने आरसे बघत, एकदाही न थांबता, गाडी पिंपांच्या मधोमध नेऊन लावली. शरीफच्या तोंडून नकळत "वा!" निघालं.

मे महिन्यात ती तिसऱ्यांदा परीक्षेला बसली. ड्रम झाले, चढ झाला, रस्त्यावरची परीक्षाही झाली. शेजारी बसलेल्या पोलीसबाईने तिला गाडी कडेला घ्यायला सांगितली. बाईने कागदावर सही केली आणि हसून अभिनंदन केलं, "मबरूक."

तिकिटांचा विषय शरीफने पुन्हा काढला नाही. त्याच्या जुन्या गाडीतून कुबरा पहिल्यांदा शाळेला निघाली, तेव्हा वाटभर तिने एसी लावायचं विसरूनच गाडी चालवली. फाटकाशी उतरून महेक मैत्रिणीला म्हणाली, "माय मम्मी ड्राइव्ह्ज," आणि मग आईकडे वळून काळजीने, "मम्मी, तू सावकाश जा हां."

शाळा सुटायला साडेपाच तास होते. सात वर्षांत निझव्यात ती एकटी कधीच आली नव्हती. तिने बाजाराजवळ गाडी लावली, चहा आणि परोठा घेतला आणि काचा उघड्या ठेवून निवांत खाल्ला.

चार दिवसांनी बेकरीसमोर, झुवैना सोबत असताना, एका ओमानी बाईने कुबराला थांबवलं. त्या बाईच्या सासूला दर बुधवारी निझव्याच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागायचं, आणि नवरा मस्कतला नोकरीला होता. "तू रोज जातेस ना? सासूबाईंना घेशील का गाडीत?" तिने झुवैनामार्फत विचारलं.

"घेईन ना," कुबरा म्हणाली. "फक्त म्हणावं, सव्वासहाला तयार राहा. महेकला उशीर झालेला चालत नाही."