दीड पेल्याचा दावा

सासूबाईंना बोटीच्या सहलीला न्यायचं ठरलं, तेव्हा चष्मेवाल्याच्या मनात चार आणे माया होती आणि बारा आणे हिशेब. केबिनमधल्या तिसऱ्या खाटेला निम्मं भाडं. सहा वर्षांच्या लेकीला संध्याकाळी सांभाळायला बोटीवरची बाई तासावर पैसे घेते, आजी घेत नाही. विम्यात आणखी एक नाव घालायला किरकोळ जादा. शिवाय बायको निदान वर्षभर म्हणत राहणार, "माझ्या आईला समुद्र दाखवलास हो!" अशा वाक्याची किंमत लावता येत नाही म्हणतात. चष्मेवाल्याने तीही लावली होती आणि रक्कम फायद्याच्या बाजूला मांडली होती.

पहिल्या दोन संध्याकाळी हिशेब बरोबर चालला. आजी-नात केबिनमध्ये, नवरा-बायको नाचाच्या दिवाणखान्यात. तिसऱ्या संध्याकाळी सासूबाईंनी पायात चपला सरकवल्या, केसांवरून हात फिरवला आणि दारातूनच म्हणाल्या, "जावईबापू, आज तुमची लेक तुम्ही निजवा. मी वर गाणं ऐकायला चालले."

तासाभराने त्या खाली आल्या त्या स्ट्रेचरवर. उजवा घोटा मोडला होता. वेदनेने चेहरा पांढराफटक, पण डोळ्यांत असं काही चमकत होतं की चष्मेवाल्याला वाटलं, डोक्यालाही मार लागला असावा.

बोटीवर रोख पैसा चालत नाही. आइस्क्रीम असो की एक्स-रे, सगळं केबिनच्या खात्यावर चढतं. बोटीवरच्या दवाखान्याने प्लास्टर घातलं, इंजेक्शनं दिली, दोन दिवस ठेवून घेतलं आणि एक लाख चाळीस हजार खात्यावर चढवले. पुढच्या बंदरावर चौघं उतरून विमानाने घरी आली. पाय वर ठेवायचा म्हणून सासूबाईंना दोन खुर्च्या. तो खर्च एक लाख पस्तीस. विम्याची रीत अशी की आधी आपण भरायचं आणि मग मागायचं. चष्मेवाल्याने भरलं. भरलं ते डोळे तपासायच्या नव्या मशीनसाठी ठेवलेल्या पैशातून. मशीनवाल्याला महिनाअखेरीचा वायदा होता. वायदा चुकला तर मशीन समोरच्या चष्म्याच्या दुकानात जाणार, हे त्याने हसत हसत सांगून ठेवलं होतं. म्हणून दाव्याची घाई.

दावा भरायला विमा एजंट घरी आला. दर दोन वाक्यांमागे "निश्चिंत राहा" म्हणायची त्याला सवय होती, त्यामुळे गिऱ्हाइकं त्याला पाठीमागे निश्चिंतराव म्हणत. त्याने चहा घेतला, पेन उघडलं आणि भराभर खुणा करत सुटला. एका प्रश्नापाशी येऊन तो थोडा हसला.

"अपघाताआधी मद्य किंवा नशेचा पदार्थ घेतला होता का? आता हे काय विचारणं झालं! नाही."

"हो," सासूबाई म्हणाल्या.

पाय स्टुलावर, मांडीवर मटार सोलायची परात. शेंगेवरून नजरही उचलली नाही.

"हो म्हणजे?" बायकोने विचारलं.

"हो म्हणजे हो. दीड पेला वाईन. लाल."

"आई, तू?"

"का गं, मला घसा नाही?"

चष्मेवाल्याने बोटीचं बिल पुढे ओढलं. खरंच होतं. लेकीच्या दोन आइस्क्रीमांखाली, दवाखान्याच्या बरोबर वर, वाईन दोन ग्लास. दवाखान्याचा पुरावा म्हणून हेच पान कंपनीला द्यायचं होतं. तो एकदम उजळला. "काही बिघडत नाही. ती वाईन माझी म्हणून सांगू. मी प्यायलो."

"तुम्ही त्या वेळी मुलीला निजवत होतात."

"कंपनीला काय ठाऊक?"

सासूबाईंनी परात बाजूला ठेवली. "हे बघा जावईबापू, घर होतं ते ह्यांच्या नावावर. लाँड्री तीस वर्षं मी चालवली, पाटीवर नाव ह्यांचं. इस्त्री करून करून मनगटं माझी गेली, आणि लोक म्हणायचे, साहेबांची लाँड्री छान आहे. बेकरीचा केक घेतला तरी पावतीवर नाव ह्यांचं. आयुष्यात पहिल्यांदा एक पेला माझा मी मागवला, सही माझी मी केली. आता तोसुद्धा तुमच्या नावावर? ती दीड पेला वाईन माझी आहे. कुणाला द्यायची नाही."

"मावशी, ऐका," निश्चिंतराव गोडीत आला, "पॉलिसीत कलम आहे. नशेच्या अमलामुळे झालेला अपघात कंपनी धरत नाही. तुम्ही हो लिहिलंत की दावा गेलाच म्हणून समजा. नाही लिहा आणि निश्चिंत राहा. सगळे नाहीच लिहितात."

"आणि हे बिल वाचलं कुणी म्हणजे? ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही फुटकं?"

"बिलं कुणी वाचत नाही हो."

"मग जोडता कशाला?"

निश्चिंतरावने पेन सासूबाईंपुढे केलं. त्यांनी 'हो'समोर खूण केली आणि शेजारी, जागा नसताना, बारीक अक्षरांत लिहिलं: दीड पेला.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर. कारण: मद्याच्या अमलामुळे झालेली दुखापत.

चष्मेवाल्याने त्या रात्री जेवताना भात चिवडला. पाण्याचा पेला टेबलावर जरा जोरात ठेवला. बायको दोघांकडे आळीपाळीने बघत होती. नवऱ्याची बाजू घ्यावी तर आई दुखावणार, आईची घ्यावी तर मशीन जाणार. शेवटी तिने लोणच्याची बाटली घट्ट लावण्यात लक्ष घातलं.

दुसऱ्या दिवशी निश्चिंतराव टाइप केलेलं पत्र घेऊन दुकानातच आला. काउंटरवर ते पसरून म्हणाला, "मार्ग काढलाय. मावशींनी फक्त सही करायची. वाचा."

चष्मेवाल्याने वाचलं. वयोमानामुळे माझी स्मरणशक्ती दुबळी झाली असून प्रश्न नीट न समजल्याने मी चुकीचं उत्तर दिलं, मी मद्य घेतलेलं नाही, सदर वाईन कुटुंबातील अन्य व्यक्तीने घेतली, तरी दाव्याचा फेरविचार व्हावा.

"असं चालतं?"

"धावतं! म्हातारं माणूस, गोंधळलं म्हटलं की कंपनीपण मऊ होते. आणि एक. बोट सोडायच्या आधी कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन केला होतात ना? विमानाचं भाडं हवं तर आधी त्यांना विचारून उतरावं लागतं."

चष्मेवाला कानकोंडा झाला. "बोटीवरून फोनचा दर ऐकलास का तू? एका मिनिटाच्या पैशात मी एक काच बसवून देतो."

"मग असं सांगा की केला, पण लागला नाही. समुद्रात कुठे लागतो? निश्चिंत राहा."

संध्याकाळी चष्मेवाल्याने ते पत्र सासूबाईंपुढे ठेवलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहिला. कागद वाचून व्हायला जितका वेळ लागायला हवा त्याच्या दुप्पट लागला.

"म्हणजे," सासूबाई शेवटी म्हणाल्या, "दारुडी व्हायचं नसेल तर वेडी व्हायचं. तिसरं काही ठेवलंच नाही म्हणा तुम्ही लोकांनी."

"आई, नुसता कागद आहे तो," चष्मेवाला खिडकीशीच म्हणाला.

"नुसता कागद असेल तर फाडायला हरकत नाही." आणि त्यांनी तो फाडला. चार तुकडे करून खाली कचरा नको म्हणून स्वतःच्याच पदरात बांधले. "तुमचं मशीन अडलंय, मला कळतं. ते पैसे माझ्या पायापायी गेलेत. म्हणून मी येते कंपनीत. पण सहीला नाही, भांडायला."

कंपनीच्या ऑफिसात खुर्च्या पाठीला टोचणाऱ्या होत्या. बसलेलं माणूस लवकर उठून जावं अशी सोय. दाव्यांच्या टेबलावर एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांच्या चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली होती, हे चष्मेवाल्याच्या नजरेने आधी टिपलं. बाईंनी फाइल उघडली, चष्मेवाल्याकडे पाहून विचारलं, "यांना घ्यायची सवय आहे का?"

"मी इथे बसलेय," सासूबाई म्हणाल्या. "पाय मोडलाय, तोंड नाही. मला विचारा."

बाई किंचित दचकल्या. "बरं. तुम्हाला सवय आहे का?"

"नाही. पण लागली तर कळवीन."

चष्मेवाल्याला हसू आलं. ते त्याने खोकल्यात मिसळलं.

"मावशी, तुम्ही स्वतःच हो लिहिलंय. आम्ही काय करणार?"

"मी प्याले का, त्याला हो लिहिलंय. प्याल्यामुळे पडले का, हे तुम्ही विचारलंच नाहीत. तुमच्या कलमात काय आहे, वाचा बरं मोठ्यांदा."

बाईंनी वाचलं. मद्याच्या अमलामुळे झालेली दुखापत.

"अमलामुळे. आता माझं ऐका. गाणं संपलं, अर्धा पेला तसाच टेबलावर ठेवला आणि उठले. पोहायच्या टाकीशेजारची फरशी नुकतीच धुतली होती, सावध करायला पाटी नाही, दोरी नाही. माझ्या पुढे एक वेटर हातात तबक घेऊन चालला होता. तो आधी आपटला. मी त्याला उचलायला वाकले आणि त्याच्यावर आपटले. तो पोरगा कामावर होता. तो काय लिंबूपाणी पिऊन झिंगला होता? बोटीच्या डॉक्टरने दोघांना शेजारी शेजारी निजवलं. त्याचं कोपर, माझा घोटा."

"हे कुठे लिहिलंय?"

"डॉक्टरच्या कागदावर, तुमच्याच फाइलीत. दुसऱ्या पानावर. तुम्ही पहिल्या पानावरचं 'हो' बघून थांबलात. माझ्या लाँड्रीत कामाला आलेल्या मुली असंच करायच्या. कॉलरवर डाग दिसला की अख्खा शर्ट खराब म्हणून टाकून द्यायच्या."

बाईंनी दुसरं पान उलटलं. वाचताना चष्मा दोनदा घसरला. तिथे होतं: ओली फरशी, त्याच जागी घसरलेला कर्मचारीही उपचाराला, रुग्ण पूर्ण शुद्धीवर, बोलणं स्पष्ट. त्याखाली डॉक्टरने लिहिलं होतं, विनोद करीत होती.

बाई उठून आतल्या साहेबांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा स्वर बदलला होता. "दवाखान्याचा दावा पुन्हा उघडते. साहेब म्हणतात, हे कलम इथे लागत नाही. पॉलिसीप्रमाणे पहिले दहा हजार मात्र तुमचे तुम्हाला सोसायचे. आता विमानाचं भाडं." त्या चष्मेवाल्याकडे वळल्या. "उतरायच्या आधी मदत-क्रमांकावर फोन केला होता? केला असेल आणि लागला नसेल तरी चालतं, तसं लिहून द्या. अशी सवलत आहे."

चष्मेवाल्याने तोंड उघडलं. एक लाख पस्तीस हजार त्याच्या जिभेच्या टोकावर आले होते. 'लागला नाही' एवढं म्हटलं की झालं. तेवढ्यावर मशीनचा वायदा पुरा होत होता, समोरच्या दुकानाच्या तोंडाला पानं पुसता येत होती, आणि वर कुणाचं काही जात नव्हतं. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. काठीची रबरी टोपी निघाली होती, ती बसवत होत्या. त्यांनी डोळे वटारले असते तर बरं झालं असतं, खोटं बोलायला जोर आला असता.

"नाही केला," तो म्हणाला. आवाज स्वतःलाच मोठा वाटला. "फोन महाग पडतो म्हणून केला नाही. कंजूषपणा झाला. लिहा तसं."

"तसं लिहिलं तर भाडं मिळणार नाही."

"ठाऊक आहे. लिहा म्हटलं ना! आणि बाई, त्या चष्म्याची काडी चिकटपट्टीने टिकणार नाही. दुकानात या. पैसे घेईन, पण रास्त घेईन."

पायऱ्या उतरताना सासूबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठी. जिना संपल्यावरही काढला नाही. "जावईबापू, एक लाख पस्तीस हजारांचं खरं बोललात आज," त्या म्हणाल्या. "माझा दीड पेला तर स्वस्तातच गेला."

महिनाअखेरीला मशीन समोरच्या दुकानात गेलं. त्यांनी दारावर फुगे लावले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई काठी टेकत दुकानात आल्या आणि दहा हजार काउंटरवर मोजले. त्यावर वाईनचे वेगळे ठेवले.

"आई, हे काय? आणि दुसरा ग्लास तर अर्धाच प्यायलात."

"बिल पुऱ्याचं आलं ना? घ्या."

असा तो हिशेब मिटला. दवाखाना कंपनीने भरला, दहा हजार कमी करून. ते दहा हजार सासूबाईंनी भरले, दोन ग्लास वाईनसकट. विमानाचं भाडं आणि गेलेलं मशीन चष्मेवाल्याने सोसलं, न केलेल्या फोनचे वाचलेले पैसे वजा जाता. निश्चिंतरावने काहीच भरलं नाही; त्याचं कमिशन बोट सुटायच्या आधीच वळतं झालं होतं.