फक्त सुरुवाती ऐकलेला अ‍ॅम्प

मित्रांनो, मला जुना म्हणा, मी रागावणार नाही. पण खोकं म्हणू नका. मी अ‍ॅम्प आहे. विजेवरच्या गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. नुसती वाजवली तर पलीकडच्या खोलीतही ऐकू जात नाही. तिची वायर माझ्यात खोचली की मग जे काही गरजतं ते मी गरजतो, आणि टाळ्या तिला मिळतात. चालायचंच.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. त्या टेबलाशी बारा बायका बसायच्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला माझा एकेक अवयव यायचा. सातव्या बाईकडे तारा जोडणारे सोल्डरिंगचे टाके होते. हात इतका सफाईदार की बघत राहावं. पण माझी पाळी आली तेव्हा ती शेजारणीला आपल्या जावेची एक गोष्ट सांगत होती. गोष्ट ऐन रंगात आली आणि त्या भरात माझा एक टाका कच्चा राहिला. मी तिला दोष देत नाही, गोष्ट खरंच चांगली होती. पण तो टाका मला पुढे भोवला, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तिथून मी वाद्यांच्या दुकानात आलो. मला वाटलं होतं, चार दिवसांत कोणीतरी घरी नेईल, मग एखादं स्टेज बघायला मिळेल. पण दुकानदाराने मला भिंतीशी मांडलं, समोर एक स्टूल ठेवलं आणि बहिणीला सांगितलं, हा विकायचा नाही, गिटार वाजवून दाखवायला ठेवायचा. झालं. माझं नशीब त्या एका वाक्यात ठरलं.

या दुकानदाराला सगळे दादा म्हणतात. त्याची धाकटी बहीण मागच्या खोलीत दुरुस्तीचं काम करते. दादा बोलतो आणि विकतो. बहीण फारशी बोलत नाही आणि दादाने विकलेलं दुरुस्त करते. त्यामुळे दोघांनाही कामाची ददात नाही.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. दादा रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसायचा, संध्याकाळी कापड घालायचा, गिऱ्हाइकांना "आवाज ऐकाच याचा" म्हणून सांगायचा. पुढे कापडाचं पायपुसणं झालं. माझ्या डोक्यावर जाहिरातींचे कागद आले, कागदांवर कप आले, कपांची वर्तुळं माझ्या कातड्यावर कायमची उमटली. बटणांत धूळ शिरली. आणि एके दिवशी तो कच्चा टाका बोलू लागला. खरखर, खरखर. दादाने दोन-तीनदा मला थापट्या मारल्या. मग त्याने एक सोपा उपाय शोधला.

तो उपाय नीट समजून घ्या, कारण सगळी गोम त्यातच आहे. माझ्या तोंडावर गेन नावाचं एक बटण आहे. ते एकावर ठेवलं तर गिटारचा आवाज जसा आहे तसा, स्वच्छ येतो. जसजसं वाढवावं तसतसा आवाज फाटत जातो, गुरगुरतो, दात दाखवतो. हेवी मेटल नावाचं जे घणाघाती संगीत आहे, जे ऐकून शेजारचे "काही पडलं का?" म्हणून विचारायला येतात, त्याला हा गुरगुराट लागतोच. पण हेच बटण दहावर नेलं की बरी गिटार आणि वाईट गिटार एकसारखीच गुरगुरते. माझी खरखरही त्यात बुडून जाते. दादाने ते दहावर नेलं आणि तिथेच ठेवलं. मीही गप्प बसलो. आपलं व्यंग झाकलं जात असेल तर कोण तक्रार करतो?

मेटल वाजवण्यासाठी गिटार निवडायला आलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की आता ती दारातून आत येतानाच ओळखतो. दहातले सहा रंग बघतात. काळा हवा, अगदीच नाइलाज झाला तर लाल. तिघे आकार बघतात. जितकी शिंगं जास्त तितकं संगीत जहाल, असा त्यांचा समज असतो. उरलेला एक जण गिटार गळ्यात अडकवून समोरच्या आरशात स्वतःला बघतो. एका गृहस्थांनी तर लाकूड कोणतं, ते किती वर्षं वाळवलं, वजन किती, सगळं तासभर विचारलं. फक्त वाजवून बघायचं राहिलं.

आणि वाजवतात ते काय? सुरुवात. गाण्याची पहिली ओळ, फार तर दीड. मग "छान आहे, दुसरी दाखवा." मित्रांनो, अकरा वर्षं मी हेच ऐकलं. हजारो गाणी माझ्यातून सुरू झाली आणि एकही संपलं नाही. गाणी संपतात कशी, ती हळूहळू विझतात की एकदम थांबतात, हे मला माहीतच नव्हतं. जेवणाच्या ताटावरून रोज पहिल्या घासाला उठवलं तर कसं वाटेल, तसं माझं झालं होतं.

अशाच एका दुपारी एक बाई आली. चाळिशी उलटलेली, खांद्याला बस डेपोचा बिल्ला. ती बस चालवायची. स्टुलावर बसली, दादाने भिंतीवरची काळी, शिंगवाली गिटार दिली, गेन दहावरच होता. तिने एक सुरुवात वाजवली. मी असा काही गरजलो की तिचे डोळे चमकले. गिटार बांधून घेऊन ती गेली. दादा खूश, मीही खूश.

दोन वर्षांनी ती तीच गिटार घेऊन परत आली. या वेळी डोळे चमकत नव्हते.

"दादा, ही तुम्ही दिलीत."

"मॅडम, पसंत तुम्ही केलीत."

"केली. स्टुलावर बसून केली. आता उभी राहून वाजवते."

मग तिने सगळं सांगितलं. डेपोतल्या चौघांनी मिळून मेटलचा बँड काढला होता. मेकॅनिक ड्रम बडवायचा, तिकीट खिडकीवरचा गायचा, वॉचमन बेस गिटार वाजवायचा. ही सगळ्यांत मोठी, म्हणून तिला काकू म्हणायचे. तीन आठवड्यांनी डेपोच्या कार्यशाळेत त्यांचा पहिला कार्यक्रम होता आणि हिची गिटार एका गाण्यापुरतीही सुरात टिकत नव्हती. शेवटी काल मेकॅनिकने डोकं खाजवत सांगितलं होतं, "काकू, वाईट वाटून घेऊ नका. शनिवारच्या सरावात जमलं तर ठीक, नाहीतर माझा मेहुणा वाजवेल. तुम्ही पहिल्या रांगेत बसा."

"वीस वर्षं पहिल्याच सीटवर बसतेय मी," ती दादाला म्हणाली. "माणसं माझ्या पाठीमागेच असतात. एकदा तरी मला त्यांच्याकडे तोंड करून उभं राहायचंय."

दादा फडक्याने गिटार पुसू लागला, म्हणजे प्रसंग गंभीर होता. आवाज ऐकून बहीण बाहेर आली. तिने काळी गिटार उलटी केली आणि तारा जिथे टेकतात तो ब्रिज दाखवला. हा स्प्रिंगांवर तरंगतो, ती म्हणाली. मेटलसाठी तुम्ही जाड तार मुद्दाम खाली उतरवणार, म्हणजे आवाज खोल जावा. पण एक तार सैल केली की स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढतात आणि बाकीच्या पाच तारा चढतात. त्या उतरवाव्यात तर ही बिघडते. सूर लावण्यातच जन्म जायचा. शिवाय हिचं खुंट्यांकडचं डोकं जड. उभं राहून हात सोडला की मान खाली पडते आणि डावा हात वाजवायचा सोडून तिला सावरत बसतो.

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा मी मागे होते," बहीण म्हणाली आणि भावाकडे बघितलंही नाही. तेवढंच पुरे झालं.

दादाने एक लाल गिटार काढली आणि बाईसमोर स्टूल सरकवलं. बाईने ते पायाने बाजूला केलं. पट्टा गळ्यात घातला, माझ्यासमोर वाकली आणि गेनचं बटण दहावरून थेट एकावर आणलं.

"अहो, मेटल वाजवायचंय ना तुम्हाला?" दादा घाईने म्हणाला.

"गाडीत कुठे खडखडतंय ते ऐकायचं तर आधी रेडिओ बंद करावा लागतो."

मित्रांनो, आता माझं बिंग फुटणार होतं. इतक्या वर्षांची झाकली मूठ होती ती. तिने तार छेडली आणि दुकानात स्पष्ट ऐकू आलं: खरखर, खरखर.

तिला वाटलं, गिटार खराब आहे. मग तिने वायर काढली. खरखर चालूच. ती माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली, कान लावला आणि म्हणाली, "गिटार बिचारी बरी आहे. खोकतोय तो हा."

दादा ओशाळला. जुना झालाय, पुढच्याच आठवड्यात भंगारात द्यायचा होता, असं काहीतरी बोलला. ते खरं होतं की तोंड लपवायला होतं, मला आजही कळलेलं नाही. पण भंगार हा शब्द मी ऐकला. बाई मात्र म्हणाली की एक आवाज ऐकून तिने कधी गाडी भंगारात काढलेली नाही. बहिणीने तेवढ्यात स्क्रू ड्रायव्हर आणला होता. तिने मला उघडलं, ब्रशने बटणांतली धूळ झाडली, दिव्याखाली धरून एकेक टाका तपासला आणि अचूक त्या कच्च्या टाक्यावर तापलेलं टोक टेकवलं. अर्धा तास लागला. अकरा वर्षांचं दुखणं आणि अर्ध्या तासाचा उपाय. बाई तोवर तिथेच उभी होती.

मग खरी निवड सुरू झाली. स्वच्छ आवाजात लाल गिटारची एक तार मानेच्या वरच्या घरांत दाबली की तिचा आवाज मध्येच मरत होता. दुसरीचा आवाज गोड होता, पण हात सोडताच तिनेही मान टाकली. तिसरी दाराच्या मागे टांगलेली होती. रंग गढूळ पाण्यासारखा. शिंगं नाहीत, चमक नाही. ब्रिज लाकडाला घट्ट बसवलेला, तारांखाली आवाज टिपणारे दोन जाडजूड पिकअप, आणि मान इतरांहून बोटभर लांब, म्हणजे उतरवलेली तारही ढिली पडू नये. बाईने जाड तार उतरवली, जोरात छेडली, मग बाकीच्या पाच तपासल्या. जागच्या जागी. हात सोडला. मान हलली नाही. मग तिने तळव्याची कड तारांवर टेकवून धडधड धडधड असा ठेका धरला आणि गेन हळूहळू वाढवत सहावर थांबवला. एकेक ठोका सुटा, टणक ऐकू आला. मी इतका चांगला वाजू शकतो हे मलाच ठाऊक नव्हतं.

"रंगामुळे कोणी घेत नाही हिला," दादा पहिल्यांदाच खरं बोलला.

"वाजवताना मला कुठे दिसणार आहे रंग?"

काळी गिटार दुकानातच राहिली. बहिणीने तिच्या स्प्रिंगांपाशी लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज जखडला. पुढे ती घरी बसून वाजवणाऱ्या एका शिक्षकाकडे गेली आणि तिथे सुखाने नांदते आहे.

शनिवारी सराव झाला. सोमवारी बाई डेपोच्या कपड्यांतच दुकानात आली. मेहुणा पहिल्या रांगेत बसणार, एवढं सांगून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "याच्यावर निवडलीय, याच्यावरच वाजवणार. कार्यक्रमाच्या रविवारी नेते, सोमवारी आणून देते." दादा नाही म्हणणार होता. पण बहिणीने तोवर माझी वायर गुंडाळली होती.

मी बसमधून गेलो, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून. कार्यशाळेत दोन बस हलवून जागा केलेली, वर पत्रा, समोर डेपोची माणसं आणि त्यांची मुलं. पहिलं गाणं सुरू झालं. ही ओळ माझ्या ओळखीची होती, शंभरदा ऐकलेली. ती संपली आणि सवयीने मी थांबायची तयारी केली. पण गाणं पुढे गेलं. दुसरी ओळ आली, मग तिसरी, मग मी कधीच न ऐकलेलं एक वळण, मग पुन्हा पहिली ओळ, पण आता वेगळीच, काहीतरी भोगून आल्यासारखी. काकू प्रेक्षकांकडे तोंड करून उभी होती आणि डावा हात फक्त वाजवत होता. मेकॅनिकने शेवटचा घाव घातला, तिने तळव्याने सगळ्या तारा एकदम दाबल्या, आणि सगळं थांबलं. पत्रा तेवढा थरथरत राहिला.

मी वाट बघत होतो. "दुसरी दाखवा" असं कोणीही म्हणालं नाही.

आता मी परत माझ्या भिंतीशी आहे. डोक्यावरचे कप गेले, बहीण महिन्यातून एकदा माझी बटणं साफ करते, आणि दादा गिऱ्हाइकाला आधी एकावरच ऐकवतो. त्याच्या काळ्या गिटारी कमी खपतात, पण परतही कमी येतात. मित्रांनो, तुम्हीही कधी गिटार निवडायला आलात तर स्टूल बाजूला करा आणि आधी स्वच्छ आवाज ऐका. कोणी खोकत असेल तर त्याला फेकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि वेळ असेल तर एखादं गाणं शेवटपर्यंत वाजवा. कोपऱ्यात कोणीतरी ते ऐकायला बसलेलं असतं.