तेल पाजलेला टेकू

मी धनुष्याच्या मुठीवरचा चामड्याचा टेकू बोलतोय. बोटाच्या पेरापेक्षाही लहान. बाण सुटण्याआधी क्षणभर माझ्यावर विसावतो, एवढंच माझं काम. तेवढंही मला धड जमलं नाही.

साल १९५८. आखातातल्या मीना अल-अहमदी या तेलाच्या बंदरावर बार्टन नावाचे इंजिनियर साहेब होते. त्यांना तिरंदाजीचा भारी नाद. त्यांच्या हाताखाली रत्नागिरीकडचा कासम सुतार होता. घराणं होड्या बांधणाऱ्यांचं. तीन वर्षं तो गावी गेला नव्हता आणि महिन्याभरात त्याच्या लेकीचा, सफियाचा निकाह होता. रजा साहेबांच्या सहीवाचून अडलेली, आणि साहेबांची तिरंदाजीची मॅच तोंडावर आलेली. साहेब म्हणाले, "पहले मॅच, कासम. हम जीतेगा तो तुमको छुट्टी."

धनुष्याचा जुना टेकू झिजला होता. साहेबांनी तीन नवे कासमपुढे ठेवले. एक पिसाचा, एक ब्रशच्या केसांचा आणि मी. कासमने आम्हाला चाचपून पाहिलं. "साब, पीस इधर की धूल में टिकेगा नहीं. ब्रश गर्मी में मुड जाएगा. चमडा पक्का." मला कोण आनंद झाला! त्याने मला तासलं, सरसाने चिकटवलं. आठ दिवसांच्या सरावात माझ्यावरून एकही बाण वाकडा गेला नाही.

पण कासमचं मन भरेना. त्यांच्याकडे नवी होडी पाण्यात लोटायची तर आधी तिला मुशी माशाचं तेल पाजायची रीत. या उन्हात चामडं तडकेल, या धास्तीने मॅचच्या आदल्या दुपारी त्याने मलाही पाजलं, अगदी मायेने चोळून चोळून. मी सुखावलो. तेल झिरपत खालच्या सरसापर्यंत पोचलं तेव्हा त्याची पकड सुटू लागली, पण सांगणार कसं?

शेवटच्या बाणाला साहेबांनी दोरी ओढली आणि मी मुठीवरून सरकलो. बाण वाळूत रुतला. बघणारे हसले. साहेबांनी मला ओरबाडून फेकलं. हरलेल्या माणसाला राग काढायला गरीबच सापडतो. "छुट्टी अगले साल," एवढंच ते कासमला म्हणाले.

कासमने मला उचलून खिशात टाकलं. खोलीवर त्याचा गाववाला झहूर कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, सरसावर बसवलेल्या वस्तूला त्याल कोन लावतो?"

"होडीला लावतो, तसा लावला," कासम म्हणाला. मग त्याने झहूरला पत्र लिहायला बसवलं. "लिव. सफिया, माजा येना होत नाय. निकाहात माज्या जागी कमालचाचा तुजे वली म्हनून बसतील." तो खाकरला. "आनि लिव, माज्याबिगर साहेबाचा पान हलत नाय. जाऊ नको म्हनून रडत होता बिचारा."

झहूरने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तसंच लिहिलं.

निकाह झाल्यावर तिचं उत्तर आलं. "अब्बा, तुमच्या साहेबांना माझा सलाम सांगा. एवढा जीव लावणारा माणूस परदेशात कुठे मिळतो!"

मी आता कासमच्या पेटीत त्या पत्राखाली पडून असतो. कडक झालोय, कुठल्याच धनुष्याच्या कामाचा नाही. तुम्हाला सफिया कधी भेटली, तर एवढं करा. तिला खरं सांगू नका.