साबणाच्या डबीची डोंगरवारी

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. मित्रांनो, माझ्याकडे पाहून वाटणार नाही, पण मी डोंगर चढून आले आहे. अर्थात दुसऱ्याच्या पाठीवर. बरीच मोठी माणसं अशीच वर गेलेली असतात, म्हणून मला त्याची लाज नाही.

कारखान्यात ठोकून, वाकवून मला डोकेदुखीच्या बामासाठी तयार केलं. बाम संपला, डोकेदुखी उरली, आणि मी माझ्या जुळ्या बहिणीसह एका घड्याळजीच्या खणात आले. बारीक स्क्रू सांभाळत आम्ही सुखात होतो.

घड्याळजीची थोरली बहीण निवृत्त नर्स. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी एकदा, स्वतःच्या पायांनी, डोंगरमाथ्यावरचं तळं पाहायचं, एवढाच तिचा हट्ट. डॉक्टर म्हणाले, जा, पण पाठीवर ओझं नको. झालं! घड्याळजीला जन्माचं काम मिळालं.

त्याने तराजू काढला. दात घासायच्या ब्रशांच्या दांड्या कापल्या. टॉवेल अर्धा केला. कंगवाही अर्धा तोडला. टक्कल त्याला होतं, कंगवा ताईचा होता. साबण किसून माझ्यात भरला, दुधाची पावडर माझ्या बहिणीत. मग आमची लेबलं खरवडली, कारण कागदालाही वजन असतं. ओळखायच्या कशा, असं ताईने विचारलं, तर म्हणाला, मी आहे ना.

माथ्याच्या अलीकडे त्यांनी तंबू ठोकला. संध्याकाळी त्याने चहा केला आणि मला उघडलं. सर्दीने त्याचं नाक बंद होतं. मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते.

ताईने कप नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "चहाला फेस कसला रे?"

"दूध चांगलं आहे," तो म्हणाला आणि कप रिकामा केला. तत्त्वासाठी विष प्यायलेली माणसं मी ऐकून होते. साबण प्यायलेला हा पहिलाच.

पहाटेपासून तो हातात खुरपं घेऊन झुडपांमागे खेपा घालत होता. पोट रिकामं झालं, पाय लटपटू लागले. ताई त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजत होती आणि माझ्यात उरलेल्या चिमूटभर किसाने दर वेळी त्याचे हात धुववत होती. उजाडता उजाडता कीसही संपला. तिने एकदा माथ्याकडे पाहिलं आणि सामान आवरायला घेतलं.

"ताई, तू जा वर. मी पडून राहतो."

"आणि हात कशाने धुशील? नसते रोग ओढवून घेशील. चल, उतरू या."

तेव्हा घड्याळजीने आपल्या पिशवीच्या तळातून, मोज्यात गुंडाळलेली, सुगंधी साबणाची अख्खी वडी काढली. वेष्टनासकट.

ताईने वडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आणि माझा कंगवा तोडलास."

"मला तो साधा साबण चालत नाही गं," तो पुटपुटला. "जा तू. मी दर वेळी हात धुईन. शपथ."

तिने सुरीने साबणाचा तुकडा कापून माझ्यात टाकला, मला खिशात घातलं आणि काठी टेकत निघाली. चढ उभा होता, गुडघा कुरकुरत होता, पण ती पोचली. तळं निवळशंख होतं. तिने बाटली भरून घेतली, काठापासून चांगली लांब गेली, तिथल्या मातीवर हात-तोंड धुतलं, आणि मग बसून नुसतं पाहत राहिली.

खाली आल्यावर भावाने विचारलं, तळ्यात पाय सोडलेस ना?

"नाही रे. तळं आहे ते, आपली मोरी नाही."

आता मी ताईच्या न्हाणीघराच्या खिडकीत असते. तिचा गुडघा नवा, मी जुनीच. ओला साबण कोंडून ठेवल्याने मला गंज चढलाय. म्हणून मित्रांनो, डबी पुसून, कोरडी करून ठेवत जा. आणि प्रवासात ओझं जरूर कमी करा. फक्त सुरुवात आपल्या पिशवीपासून करा.