टीव्हीचं शीर्षासन

कळसमधल्या हिंदुरावांच्या घरात टीव्ही लावायचं काम फक्त मुक्ताबाईंना जमायचं. सात-बाऱ्यावर नाव हिंदुरावांचं होतं, पण टीव्हीपुढं त्यांना कोण विचारत नव्हतं.

टीव्ही ट्यूबचा. पुढं काचेचं पोट, मागं हे एवढं ढुंगण, आणि वजनाला बोकडाएवढा. हिंदुरावांनी तो बारामतीहून एसटीत मांडीवर घेऊन आणला होता. कळसला उतरले तेव्हा टीव्ही धड होता, पण ह्यांचेच पाय सापडेनात.

तो लावायची एक पद्धत होती. आधी भिंतीवरचं बटण. मग टीव्हीचं बटण, पण ते कधीचं तुटलेलं, म्हणून त्या भोकात पेनाचं टोपण खुपसायचं. मग गप बसायचं. ट्यूब तापेपर्यंत नुसता आवाज यायचा. आवाज आधी, माणूस मागनं, असा सगळा पुढाऱ्यासारखा कारभार. चित्र आलं की ते वरनं खाली लोळायला लागायचं, तेव्हा उजव्या कुशीवर तळहात सपाट धरून एक द्यायची. ती मुक्ताबाईंनीच द्यायची. हिंदुरावांनी दिली तर टीव्ही रुसायचा आणि माणसं हिरवी दिसायची.

पलीकडच्या घरात धाकटी जाऊ सिंधुबाई. तिच्याकडं भिंतभर सपाट टीव्ही होता, इंटरनेटवर चालणारा. सिंधुबाई त्याला तोंडानं हुकूम सोडायची. त्याला मराठी कळत नव्हतं आणि सिंधुबाईला दुसरं येत नव्हतं, पण थाट होता.

तर झालं असं, की शेतीच्या कार्यक्रमाचे टीव्हीवाले मुक्ताबाईंच्या पेरूच्या बागेत आले. आधी हिंदुराव बोलले. फेटा बांधून, बागेच्या मधोमध उभं राहून त्यांनी पेरूचा इतिहास सांगितला. कॅमेरावाल्यानं मधी दोनदा बॅटरी बदलली. मग त्यांच्यातल्या माईकवाल्या पोरीनं विचारलं, "पण काका, एकेका पेरूला ही फोमची जाळी आणि पिशवी कोण घालतं?"

"ती व्हय? ती आमची ही घालती."

झालं. पोरगी उठली आणि मुक्ताबाईंच्या मागं लागली. मुक्ताबाईंनी नथ घातली, पदर नीट केला आणि पेरू कसा झाकायचा ते करून दाखवलं. सिंधुबाईसुद्धा रिकामी पाटी घेऊन कॅमेऱ्यामागनं, कॅमेऱ्यापुढनं, जमेल तिथनं ये-जा करत राहिली.

"गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला लागंल," पोरगी म्हणाली.

सिंधुबाईनं लगेच आमंत्रण दिलं. "अक्का, गुरुवारी आमच्याकडंच या. तुमच्या त्या डबड्यात तुमी मावायच्या न्हाईत."

मुक्ताबाईंना ते डबडं लागलं. "मी माझ्याच टीव्हीवर बघणार," त्या म्हणाल्या. "सगळ्या आळीला सांग, च्या माझ्याकडं. आन् न्हाय दिसलं तर न्हाय दिसलं, पण दुसऱ्याच्या दारात जाऊन सोताला बघायची न्हाय."

मुलगा ऋषिराज म्हणाला, "आई, मोबाईलवर दाखवतो की मागनं."

"मोबाईलवर मी मुंगीएवढी दिसंल. आन् फोटोसारखी वाकडी."

ही मुक्ताबाईंची खरी धास्ती होती. आरशात दिसायची ती बाई त्यांना पसंत होती. पण फोटोत कोण तरी भलतीच यायची. ऋषिराजच्या लग्नाचा अल्बम उघडला की त्या दर वेळी विचारायच्या, "ही वाकड्या तोंडाची बाई कुणाकडनं आली हुती?" जन्मात एकदा टीव्हीत जायचं, तर तिथं तरी आपणच असावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

गुरुवार उजाडला. बायको टीव्हीत यायची म्हणून हिंदुरावांना उमाळा आला. टीव्ही जरा स्वच्छ करावा. मुक्ताबाई बागेत गेल्यावर त्यांनी मागचं झाकण खोललं. आत एवढी धूळ, की त्यात मेथी उगवली असती. पालीची अंडी होती, कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं, आणि हरवलेली एक चावी होती, जिचं कुलूप त्यांनी कधीच तोडून टाकलं होतं.

धूळ फुंकून जाईना. मग हिंदुरावांनी शेतकऱ्याला जे सुचायचं तेच केलं. फवारणीचा पंप पाठीवर घेतला, नळी आत घातली आणि बारीक फवारा मारला. वरनं खालनं, पानाच्या मागच्या बाजूनं मारतात तसा. पंपात पाणीच होतं. म्हणजे पाणी, आणि कालचं थोडं निंबोळीचं औषध. मग भांडी घासायच्या ब्रशनं ट्यूबचा गळा घासला. घासताना दोन बारक्या वायरी तुटून हातात आल्या. त्या त्यांनी आत ढकलून दिल्या, झाकण लावलं आणि टीव्ही अंगणात मिरच्यांशेजारी वाळत ठेवला.

दुपारी मुक्ताबाईंनी टोपण खुपसलं. आवाज आला. चित्र काय आलं? मधोमध एक पांढरी आडवी रेघ, करदोड्यासारखी.

मुक्ताबाईंनी उजव्या कुशीवर दिली. रेघ थरथरली. डाव्या कुशीवर दिली. रेघच.

"अहो, ह्याला निंबोळीचा वास का येतोय?"

हिंदुराव छताकडं बघत म्हणाले, "कीड लागली आसंल."

"टीव्हीला?"

"भुरी. पावडरी मिल्ड्यू," हिंदुराव म्हणाले. मग बायकोच्या डोळ्यांत बघून त्यांनी सगळं कबूल केलं.

मुक्ताबाई भांडल्या नाहीत. त्या खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून बसल्या. ते बघून हिंदुराव भांडणापेक्षा जास्त घाबरले. "ऋष्या," ते म्हणाले, "कुणाला तरी आण. पाचाच्या आत."

ऋषिराजनं बारामतीला फोन लावला, इंदापूरला लावला. ट्यूबचा टीव्ही म्हटल्यावर एक जण नुसता हसला. दुसरा म्हणाला, "आमी आता सीसीटीव्ही बसवतो. तुमच्या टीव्हीवर नजर ठेवायला एक बसवून देऊ का?"

राहिला दादासो. दादासो गावातला मोटारी भरणारा. विहिरीवरच्या, बोअरच्या, कुठलीही पाण्याची मोटर जळाली की तिची तार काढून नवी गुंडाळायची, हा त्याचा धंदा. टीव्हीशी त्याचा संबंध बघण्यापुरताच. पण दादासोला नाही म्हणता येत नव्हतं. तो आला, झाकण खोललं आणि ट्यूबच्या गळ्यातली तांब्याची गुंडाळी बघून त्याचं तोंडच उजळलं.

"तात्या! ही तर वाइंडिंग हाय! माझंच काम की! ह्या दोन वायरी तुटल्यात बगा."

"कुठली कुठं जोडायची, ठाऊक हाय का?"

"ठाऊक कशाला पायजे?" दादासो म्हणाला. "मोटरला आपण काय करतो? जोडायच्या, चालू करायचं. उलटी फिरली तर दोन वायरी अदलाबदल करायच्या. आजपत्तोर मी कुठल्या मोटरला तुझी वायर कुठली असं इचारलं न्हाय."

अख्ख्या तालुक्याची पाण्याची सोय ह्याच शास्त्रावर चाललेली असल्यामुळं हिंदुरावांना ते पटलं. दादासोनं दोन वायरी कथलाचा डाग देऊन जोडल्या आणि म्हणाला, "काकी, लावा."

मुक्ताबाई उठल्या. टोपण, आवाज, थांबणं. रेघ फुगली, पसरली, काचभर चित्र झालं.

"आलं!" ऋषिराज ओरडला.

आलं होतं. बातम्या देणारी बाई वटवाघळासारखी उलटी लोंबत होती. तिच्या खाली पंखा होता, वर टेबल. शांतपणे ती सांगत होती, की राज्यात हवामान कोरडं राहील.

"मोटर उलटी फिरली," दादासो म्हणाला. "काय न्हाय. दोन वायरी बदलतो. बंद करा."

बंद केलं, प्लग काढला. दादासोनं आत हात घातला. "झटका बसंल रं," हिंदुराव म्हणाले.

"तात्या, प्लग काढलाय. पाण्यातली मोटर मला झटका देत न्हाय, हे कोरडं डबडं काय देणार?"

ट्यूबच्या टीव्हीचं एक असतं. प्लग काढला तरी ट्यूब पोटात राग धरून ठेवते. दादासोचं बोट वरच्या रबरी टोपीखाली गेलं. 'च्याट' असा आवाज झाला. दादासो बसल्या जागेवरनं उठला नाही, उडाला, आणि मागं पेरूच्या फोमच्या जाळ्यांचा ढीग होता त्यात जाऊन पडला. बाहेर आला तेव्हा एक जाळी त्याच्या डोक्यावर घट्ट बसली होती, विक्रीला तयार.

"लागलं का?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"काकी, मी आता ह्याला हात लावत न्हाय," दादासो जाळीतून म्हणाला. "ह्याच्यात देव हाय."

बाहेर आळीतली माणसं जमायला लागली होती. सव्वापाच होऊन गेले होते. तेवढ्यात सिंधुबाई नवऱ्याला, म्हणजे भिमाला, पुढं घालून दारात आली. हातात वाटी.

"अक्का, विरजण आसलं तर..."

"संध्याकाळचं विरजण?" मुक्ताबाई म्हणाल्या. "तुझा टीव्ही कुठं गेला?"

सिंधुबाई वाटीत बघत राहिली. भिमानंच सांगून टाकलं. "वैनी, उसाचा ट्रॅक्टर गेला रस्त्यानं. दोन ट्रॉल्या, वर आभाळाएवढा ऊस. त्यात इंटरनेटची वायर गुतली, ती कारखान्यापत्तोर ओढत नेली. आता आमचा टीव्ही नुसता गोल गोल फिरतोय."

दुसरी वेळ असती तर मुक्ताबाईंनी ह्या वाक्यावर महिना काढला असता. आता त्यांना हसायलासुद्धा येईना. जावेचा टीव्ही बंद, आपला उलटा, आणि अंगणात आळी बसलेली.

मुक्ताबाईंनी टीव्ही परत लावला, पण चित्र उलटंच. हिंदुराव त्याच्याकडं बघत होते. मान वाकडी करून बघितलं. मग वाकून, दोन पायांमधनं बघितलं. आणि तसेच वाकलेले असताना ओरडले, "आरं! चित्र उलटं हाय ना? मग टीव्हीच उलटा करा की!"

अशी कल्पना सुचायला माणूस त्या अवस्थेतच पाहिजे. टीव्ही बंद करून झाकण बसवलं. एका बाजूनं भिमा, दुसरीनं ऋषिराज, मागनं हिंदुराव, असा टीव्ही उचलला. दादासो लांबनं सूचना देत होता. पण टीव्हीची टाळू गोलसर, तो डोक्यावर उभा राहीना, डुलायला लागला. तेव्हा मुक्ताबाई आत गेल्या आणि डोक्यावर घागर घेतात ती चुंबळ घेऊन आल्या. चुंबळीवर टीव्ही डोकं टेकून असा बसला, की जन्मभर योगासनंच करत आलाय. मुक्ताबाईंनी टोपण खुपसलं, आता खालनं वर. आवाज. थांबणं. लोळणारं चित्र. उजवी कुस आता डावीकडं गेली होती, पण त्यांचा हात चुकला नाही. धप्प!

चित्र सुलट उभं राहिलं. आळीनं टाळ्या वाजवल्या.

"पण आई," ऋषिराज म्हणाला, "अक्षरं उलटी दिसत्यात. सगळं डाव्याचं उजवं झालंय."

"गप," मुक्ताबाई म्हणाल्या. "लागलं."

कळसचा रस्ता दिसला, बाग दिसली. हिंदुराव पुढं सरकले. त्यांचा पेरूचा इतिहास कापून टाकला होता. त्यांचा फक्त फेटा, एका झाडाच्या मागं, मोठ्या पेरूसारखा. आणि मग काचभर मुक्ताबाई.

आळीत कुजबूज सुरू झाली. "नथ उजव्या नाकात?" "पदर बघ, गुजराथ्यावानी!" "काकी डावखुऱ्या कधी झाल्या?"

मुक्ताबाईंना काही ऐकू येत नव्हतं. त्या पुढं सरकल्या, अगदी काचेपाशी गेल्या. भांग होता तिथंच होता. गालावरचा तीळ होता तिथंच. तोंड सरळ. रोज सकाळी केस विंचरताना जी समोर असते तीच बाई, पेरूला जाळी घालत, हसत बोलत होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही मीच हाय!"

"मग कोण आसणार?" हिंदुराव फेट्याच्या दुःखात होते.

"तसं न्हवं. मीच हाय."

पाटी घेऊन सिंधुबाई मागनं गेली, आणि परत आली, आणि परत गेली. "अय्या!" ती म्हणाली. "अक्का, तुमच्या टीव्हीत मी किती बरी दिसती!"

दुसऱ्या दिवशी ऋषिराजनं तोच कार्यक्रम मोबाईलवर दाखवला, सुलटा. नथ डावीकडं, पदर डावीकडं, नाव सरळ वाचता येत होतं. मुक्ताबाईंनी जरासं बघितलं आणि मोबाईल परत दिला.

"ही न्हवं. ही अल्बममधली बाई हाय. वाकडी. हिला कुणी बागेत घेतली?"

"आई, खरी हीच हाय. काल तू आरशात दिसतीस तशी दिसलीस."

"मग? आरसा खोटं बोलतो व्हय? एवढी वर्सं बघती मी त्यात."

ऋषिराजनं मोबाईल खिशात घातला. दुपारी दादासो हिंमत करून आला, हातात रबरी मोजे, पायात गमबूट. "काकी, दोन वायरी बदलून देतो. टीव्ही सरळ करू."

मुक्ताबाई टीव्हीपुढं उभ्या राहिल्या. "हात लावायचा न्हाय. आता कुटं तो नीट झालाय."

तेव्हापासनं टीव्ही चुंबळीवरच आहे. हिंदुराव दाढीचा आरसा हातात धरून, टीव्हीकडं पाठ करून बाजारभाव वाचतात. सवय झाली आहे. फक्त दाढी करायला बसले की त्यांना कांद्याचा दर आठवतो आणि कापतं.

त्या दुपारी मुक्ताबाईंकडनं परत फिरलेला दादासो घरी जाऊन चहा प्यायच्या आत भिमानं त्याला हाक मारली. पलीकडं सिंधुबाईनं, अक्काच्या टीव्हीतल्यासारखं बरं दिसावं म्हणून, आपला भिंतभर टीव्ही खिळ्यांवरनं काढून उलटा टांगला होता. इंटरनेटची वायर जोडून झाली होती, चित्रही होतं, पण ते नुसतंच उलटं. भिमा खाटेवर आडवा, डोकं खाली सोडून बातम्या बघत होता, आणि त्याचं तोंड लालभडक झालं होतं.

"आरं, अक्काचं सुलट होतंय, माझं का हुत न्हाय?" सिंधुबाई दादासोवर खेकसली.

दादासोनं गमबूट घातलेले होतेच. त्यानं टीव्हीच्या मागं मान घातली, बराच वेळ चाचपलं, बॅटरी मारून बघितलं.

"काकी," आतनं त्याचा आवाज आला, "ह्याच्यात बदलायला दोन वायरीच न्हाईत. हा दुकानातनं फसवून दिलाय तुमाला."