आठचा तास

ऊर्जा विभागाच्या प्राध्यापिकेला विद्यापीठात सगळे पाठीमागे 'बॉयलरबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आता त्याचं काही वाटेनासंही झालं होतं. वसतिगृहांच्या मागे कोळशावर चालणारा जुना बॉयलर होता. तो सगळ्या वसतिगृहांना गरम पाणी पुरवायचा आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना काजळी. ती वर्षानुवर्षं हात धुऊन त्याच्या मागे लागली होती. 'हा बंद करा, हीट पंप बसवा, विजेसाठी छपरांवर सौर पॅनल टाका,' हे ती प्रत्येक बैठकीत सांगायची. सगळे माना डोलवायचे आणि विषय पुढच्या बैठकीवर जायचा. कुलगुरू बदलत गेले, घोंगडं भिजतच राहिलं.

नव्या कुलगुरूंना मात्र 'हरित विद्यापीठ' हे शब्द फार आवडले. त्यांनी मंजुरी दिली आणि बघता बघता पॅनल चढले, पंप बसले, बॉयलरला कुलूप लागलं. समारंभात तिचं नाव भाषणाच्या शेवटी, ध्वनिक्षेपकवाल्याच्या अलीकडे आलं. तिनं मनाला लावून घेतलं नाही. घरी जाऊन पाय वर करून पडली, एवढंच.

हीट पंप हवेतली ऊब ओढून पाण्यात सोडतो. धूर नाही, वीजही बेतानं लागते. पण त्याचा स्वभाव सावकाश. टाकी एकदा रिकामी झाली की पुन्हा तापायला तो त्याचा वेळ घेतोच. म्हणून तिनं प्रत्येक वसतिगृहाला दोन टाक्या मागितल्या होत्या. मुलींच्या मोठ्या वसतिगृहाला एकच मिळाली. दुसरीच्या जागेवर 'हरित विद्यापीठ' असं कोरलेली भलीमोठी शिळा आली आणि तिच्याभोवती फुलझाडं. शिळेचं अनावरण बड्या पाहुण्यांच्या हातून झालेलं, त्यामुळे तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

पहिली कडाक्याची थंडी पडली आणि व्हायचं तेच झालं. एका सकाळी मुलींचा मोर्चा रिकाम्या बादल्या बडवत प्रशासकीय इमारतीसमोर आला. प्राध्यापिका तेव्हा जिना चढत होती. आवाज ऐकून ती वळली आणि जागीच थबकली. सगळ्यांच्या पुढे, कानटोपी घालून, सगळ्यात जोरात बादली बडवत होती तिची स्वतःची धाकटी लेक.

धाकटी याच विद्यापीठात शिकायची. घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणून वसतिगृहात राहायची. आदल्या वर्षी हाच घसा ताणून तिनं 'कोळसा बंद करा' अशा घोषणा दिल्या होत्या.

दोघींची नजरानजर झाली. धाकटीनं क्षणभर हात थांबवला आणि मग पुन्हा बादली बडवायला सुरुवात केली.

कुलगुरूंनी प्राध्यापिकेला आत बोलावलं. खिडकीतून बादल्यांचा आवाज येतच होता.

"मॅडम, मी काय म्हणतो, बॉयलर पुन्हा सुरू करू. तात्पुरता."

"तात्पुरता म्हणजे कधीपर्यंत, सर?"

"थंडी ओसरेपर्यंत."

"आणि पुढच्या थंडीत?"

"पुढचं पुढं बघू."

या इमारतीत 'तात्पुरतं' म्हणून आलेली कपाटं, पडदे आणि माणसं तिनं निवृत्त होताना पाहिली होती. एकदा बॉयलर पेटला की तिच्या हयातीत विझायचा नाही. शिळा हलवून टाकी बसवा, असं तिनं पुन्हा सांगून पाहिलं. कुलगुरू नुसते कानाची पाळी चोळत राहिले.

"मला परीक्षांपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. "तोवर काही जमलं नाही तर पेटवा."

"काय करणार आहात?"

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

संध्याकाळी ती घरी पोचली तर न्हाणीघरातून पाणी पडल्याचा आवाज येत होता. नवरा चहा गाळत म्हणाला, "तुमच्या चळवळीच्या पुढारीणबाई आल्यात. केस धुवायला."

धाकटी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. आईला पाहून जरा वरमली, पण तेवढ्यापुरतीच.

"घोषणा माझ्याविरुद्ध आणि अंघोळ माझ्याच घरी," आई म्हणाली.

"तुझ्याविरुद्ध नव्हत्या. पाण्याविरुद्ध होत्या."

"पाणी काय स्वतः चालत आलं होतं तिथं?"

"आई, चिडू नकोस ना. बर्फासारखं पाणी डोक्यावर पडलं की पृथ्वीबिथ्वी काही आठवत नाही. खरंच सांगते."

आईला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही येईल असं वाटलं. ती खुर्चीत बसली. वहाणा काढायचंही त्राण नव्हतं.

"मी दमले गं," ती म्हणाली. "इतकी वर्षं कोळसेवाल्यांशी भांडले. आता साबण लावलेल्या मुलींशी भांडायचं बळ नाही माझ्यात."

धाकटी शेजारी येऊन बसली. केस पुसत म्हणाली, "पाणी सगळ्यांना गार मिळत नाही काही. पहाटे ज्या उठतात त्यांना चटका बसेल असं मिळतं. मग सगळ्या एकदम घुसतात आणि टाकी संपते. आणि गंमत म्हणजे जेवणाच्या सुट्टीत खोलीवर जावं तर पाणी कढत असतं. तेव्हा कुणीच नसतं."

"दुपारी पॅनल जोरात असतात. टाकी सूर्यावरच तापते."

"मग सकाळी सगळ्यांची एकदम झुंबड कशाला? सगळ्यांचा आठचा तास असतो म्हणून. तास हलवा की!"

आई हसली. "अगं, शिळा हलवणं सोपं आहे. आठचा तास हलवायचा म्हणजे विद्वत परिषद हलवायची."

पण रात्रभर ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही. तिनं आजवर यंत्रं मागितली होती, टाक्या मागितल्या होत्या. वेळ मागायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. निम्मे विभाग आठऐवजी दहाला सुरू करायचे, म्हणजे मुली दोन पाळ्यांत अंघोळ करतील आणि मधल्या वेळात टाकी पुन्हा तापेल, एवढंच तिचं म्हणणं होतं. ती प्रत्येक विभागप्रमुखाच्या दारात गेली. रसायनशास्त्राच्या प्रमुखांना प्रयोगशाळा आडवी आली. गणिताच्या बाईंना सकाळचं डोकं ताजं हवं होतं. वाणिज्यचे गृहस्थ म्हणाले, "दहाला सुरू केलं तर मी घरी कधी जायचं?" हवामानबदलावर सगळ्यांनाच कळकळ होती. आपापल्या तासापाशी आलं की घोडं पेंड खायचं.

आणि प्रत्येकजण शेवटी एकच म्हणायचा, "आधी तात्यांना विचारा."

तात्या म्हणजे इतिहासाचे विभागप्रमुख. त्यांचा आठचा तास कधी चुकला नव्हता, आणि विद्वत परिषदेत त्यांनी 'नाही' म्हटलं की इतरांना 'हो' म्हणायला जीभ रेटत नसे.

ती सकाळी लवकरच त्यांच्या खोलीवर गेली. इमारत अजून रिकामी होती. फरशी पुसणाऱ्या बाईंची बादली तेवढी जिन्यात. तात्या कोट घालून, दिवा लावून, टेबलाशी ताठ बसले होते. समोर पुस्तकही नव्हतं.

"तुमच्या नळासाठी मी इतिहास उशिरा शिकवू?" तिचं बोलणं पुरतं ऐकायच्या आतच ते म्हणाले.

तिच्याजवळ उत्तरं तयार होती. किती कोळसा वाचतो, किती धूर वाचतो. पण तोंड उघडलं तर एकही आठवेना. ती नुसतीच त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"बरं वाटत नाही का?" तात्यांनी विचारलं.

"दमलेय. बाकी काही नाही."

त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून तिच्यापुढे सरकवला. तिनं एक घोट घेतला.

"तुम्ही इतक्या लवकर येऊन काय करता, तात्या?"

"काही नाही." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "ही गेल्यापासून सकाळी घर खायला उठतं. आठचा तास आहे म्हटलं की उठायला निमित्त असतं. दाढी होते. कोट चढतो."

या माणसाच्या हातातलं एवढंसं निमित्त काढून घ्यायला आपण आलो आहोत, असं तिला वाटलं. तिनं चहा संपवला, झाकण रुमालानं पुसून परत ठेवलं.

"मी पुन्हा विचारायला येणार नाही," ती उठत म्हणाली. "परिषदेत विषय ठेवते. तुम्हाला जे योग्य वाटेल ते बोला. मी राग धरणार नाही."

परिषदेची बैठक लांबली. विषय तिचा आला तोवर खुर्च्या करकरू लागल्या होत्या. तिनं थोडक्यात सांगितलं आणि ती खाली बसली. मग जो तो उठला. कुणी शिस्तीवर बोललं, कुणी परंपरेवर. एकानं तर मुलींनी थंड पाण्याची सवय करावी असं सुचवलं; त्यांच्या स्वतःच्या गळ्याला मफलर होता.

शेवटी तात्या उठले. तिनं डोळे मिटले.

"आठच्या तासाला मुलं पेंगतात," तात्या म्हणाले. "मला दिसत नाही असं नाही. मी तिकडं काणाडोळा करून शिकवत आलो, कारण तो तास मुलांपेक्षा मला हवा होता." ते थांबले. "इतिहास दहाला सुरू करा. मी आपला आठला येऊन बसेन. रिकाम्या खोलीला गरम पाणी लागत नाही."

कुणीतरी हसलं. मोठा खांबच हलल्यावर बाकीच्यांनी कशाला धरून राहायचं? वाणिज्यचे गृहस्थ थोडे कुरकुरले. ठराव थंडीपुरता, प्रयोग म्हणून, मंजूर झाला.

काम फत्ते झालं असं म्हणता येणार नाही. फारच गारठा असला की अजूनही पाणी कोमट यायचं आणि धाकटीचे तणतणणारे फोन यायचे. दहाच्या पाळीतल्या मुली लाडावल्या आणि आठच्या पाळीतल्यांना त्यांचा हेवा वाटू लागला, मग दर आठवड्याला पाळ्या बदलायचं ठरलं. पण बादल्यांचा मोर्चा पुन्हा निघाला नाही. परीक्षा आल्या नि गेल्या, बॉयलरचं कुलूप तसंच राहिलं. कुलगुरूंनी बाहेरगावच्या एका परिषदेत 'आमचं वेळापत्रकच हरित आहे' असं सांगून टाळ्या मिळवल्या. प्राध्यापिकेला आनंद व्हायला हवा होता. झाला तो आनंद नव्हता; पाठीवरचं ओझं उतरल्यावर पाठ दुखायला लागते, तसं काहीसं होतं.

थंडी सरल्यावर ऊर्जा समितीची बैठक झाली. विषय होता प्रयोगशाळांमधल्या शीतयंत्रांचा. या वेळी विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून धाकटी आली होती. बैठकीआधी दारात तिनं आईला विचारलं, "काय बोलायचं गं मी?"

"तुला जे वाटतं ते. आज मी नुसती बसणार आहे."

धाकटी बोलली. घाईघाईनं, अडखळत. मध्येच तिनं एक आकडा चुकीचा सांगितला. इमारत विभागाच्या अभियंत्यानं तो लगेच पकडला; ती लालबुंद झाली, पण बसली नाही. "आकडा चुकला असेल, मी नीट बघून सांगते. पण यंत्रं सुट्टीतही चालू असतात, हे तर खोटं नाही ना?" असं म्हणून ती अडून उभी राहिली. अभियंता कागद चाळू लागला.

प्राध्यापिकेला बरोबर आकडा पाठ होता. ती काही बोलली नाही. तिनं खुर्चीला पाठ टेकली आणि टेबलाखाली हळूच वहाणांतून पाय मोकळे केले.