घोडेबाबांची शपथ

सुलतान बाजारात कापडाच्या दुकानामागं मुंगीलाही वाट नव्हती. लोबानाच्या धुरात घोडेबाबा डोळे मिटून बसलेले. हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी ठरत होती, ज्याला त्याला उद्याची धास्ती. आणि बाबांनी सांगितलेला पुण्याच्या शर्यतीतला घोडा गेल्या शनिवारी पहिला आला होता.

"नाव आपल्या भाषेबाहेर गेलं की घोडा लंगडला," बाबा एकेकाच्या कानात शपथ घालत.

"बाबा आपले हैत, मास्तर," माझा शेजारी नागोराव म्हणाला. कारकून माणूस, कचेरी औरंगाबादला हलणार म्हणून झोप उडालेली. "मालनची शिवणाची मशीन विकून लावतो. तिकडं घर होईल."

"घोड्याला भाव काय मिळतोय, रुपयाला किती?"

"जिंकणारच म्हणल्यावर भाव कायको बघायचा?"

मी कपाळाला हात लावला. "अहो, चांगल्या घोड्यावर जादा वजन चढवतात, सगळे बरोबरीत यावेत म्हणून. जाणकार वजन बघतो, मैदान बघतो, आणि जोखमीच्या मानानं भाव बरा असेल तरच लावतो. तोही हरतो."

"तुमच्या शाळेत घोडे हैत का, मास्तर?"

संध्याकाळी समजवायला त्याच्या घरी गेलो. मालनवहिनी मशीनवर होत्या; शेजारच्या तेलुगू राजम्मा आणि बिल्किसआपा मापं द्यायला आलेल्या.

"वहिनी, ही मशीन बाबांच्या घोड्यावर चाललीय," मी म्हणालो.

आपांनी कपाळाला आठ्या घातल्या. "वो बाबा? हमारे मियाँ को 'शहजादा' बोला था. आखिर में आया."

"गेल्या शनिवारी आमच्याकडं 'मोती' सांगितला," राजम्मा म्हणाल्या. "तोबी गेला."

मशीनचं चाक थांबलं. "आमच्या ह्यांना 'बिजली' सांगितला, तो पहिला आला," वहिनी म्हणाल्या. "शर्यत तीच, शनिवारची."

एकेका भाषेला एकेक घोडा. कुठला तरी येणारच. हरलेले शपथेनं गप्प, जिंकलेले ढोल बडवणारे.

"म्हणजे बघा," नागोराव म्हणाला, "बाबा आपल्याशीच खरं बोलले."

वहिनी म्हणाल्या, "या खेपेला फसायची पाळी कुणाची, ते विचारून या. तोवर मशीन हलणार नाही." आणि चाक फिरवत गुणगुणल्या:

सोन्याच्या ग टापा माझ्या दारात वाजल्या
पुसते मी शेजीबाई, तुझ्या दारी का वाजल्या?

नागोराव रुसून बाहेर गेला. मशीन वाचली. सकाळी बाबांकडं गर्दी मात्र तेवढीच.

बाबांनो, नकाशावर रेघा पडतील तेव्हा पडतील; आपल्या दारांमध्ये आत्ताच कशाला? चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी शेजाऱ्याला एवढंच विचारा: तुला काय सांगितलं?